किनारा कोणाचा ?

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेस पॅसिफिक महासागराच्या कांठाकांठानें सुमारें २२ मैलांची एक अरुंद सिमेंटची वाट गेली आहे. तिच्या कडेला सांता मोनिका येथें तासाच्या भाड्यानें सायकल मिळते, आणि एका रांगेंत चाकें बसविलेले स्केटचे बूटही मिळतात. पन्नाशी उलटलेल्या अध्यापकानें त्या बुटांच्या वाटेस न जाणेंच बरें, म्हणून आम्हीं सायकल पत्करली. उजवीकडे वाळू व समुद्र, डावीकडे घरांची रांग, आणि मध्यें मोकळी वाट. हें सारें येथें प्रथमपासून असेंच असावें, असा भास होतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें अशा सहजसिद्ध दिसणाऱ्या गोष्टींचाच अधिक संशय घ्यावा.

समुद्रकिनारा सर्वांचा, हें तत्त्व नवें नाहीं. सहाव्या शतकांतील जस्टिनिअन बादशहाच्या कायदेग्रंथांत हवा व वाहतें पाणी यांच्याबरोबर समुद्र व त्याचा किनाराही सर्वांचा मानला आहे. कॅलिफोर्नियाचा कायदाही भरतीच्या सरासरी रेषेखालील ओली वाळू लोकांचीच समजतो. पण ओल्या वाळूपर्यंत पोंचावयाचें तर कोरडी वाळू ओलांडावी लागते, आणि सारा तंटा या कोरड्या वाळूचाच आहे.

थोडें दक्षिणेस गेलें कीं व्हेनिस लागतें. तंबाखूच्या धंद्यांत धनाढ्य झालेल्या ॲबट किनी यानें ४ जुलै १९०५ रोजीं हें गांव लोकांस खुलें केलें. मूळच्या व्हेनिसची नक्कल म्हणून त्यानें कालवे खणविले व त्यांत होड्या सोडल्या. १९२९ मध्यें मोटारींच्या सोयीसाठीं त्यांतील बहुतेक कालवे बुजविण्यांत आले. मोटारीच्या चाकानें ज्या गांवाचें पाणी हिरावून घेतलें, त्यालाच १९७० नंतरच्या दशकांत स्केटच्या चाकानें नवी कीर्ति मिळवून दिली.

आणखी दक्षिणेस मॅनहटन बीच येथें मात्र आम्ही सायकलीवरून खालीं उतरलों. १९१२ मध्यें विला ब्रूस या कृष्णवर्णीय बाईंनीं येथें जागा विकत घेतली, आणि पति चार्ल्स यांच्यासह आपल्या लोकांसाठीं निवास, उपाहारगृह व नाचघर उभारलें. त्या काळीं आसपासचे बहुतेक किनारे कृष्णवर्णीयांस बंद होते. शेजाऱ्यांनीं छळ केला, तरी हें दांपत्य हटलें नाहीं. अखेर १९२४ मध्यें नगरसभेनें उद्यानाच्या नांवाखालीं सक्तीनें जमीन घेण्याचें ठरविलें. इमारती पाडल्या गेल्या, आणि ती जागा कित्येक दशकें ओसाड राहिली. लोकहिताचा शब्द कोणाच्या तोंडीं आहे हें पाहिल्यावांचून त्यावर विश्वास ठेवूं नये, असा याचा अर्थ आहे.

परंतु त्याच शब्दाची दुसरी बाजूही आहे. १९७२ मध्यें राज्याच्या सेनेटचे नेते जेम्स मिल्स यांनीं सॅन फ्रॅन्सिस्कोहून सॅन डिएगोपर्यंत सायकलयात्रा काढून किनाऱ्याच्या प्रश्नाकडे लोकांचें लक्ष वेधलें. त्याच वर्षीं मतदारांनीं किनारा-संरक्षणाचा प्रस्ताव संमत केला. १९७६ मध्यें त्यास कायमच्या कायद्याचें रूप आलें, आणि किनाऱ्यावर जाण्याच्या लोकांच्या हक्कास बळकटी मिळाली. आमच्या वाटेसाठीं लॉस एंजेलिसचे नगरसभासद मार्व्हिन ब्राउडी झटले. तिला आज त्यांचेंच नांव आहे.

ब्रूस घराण्याची जमीन २०२२ मध्यें वारसांस परत मिळाली, व पुढच्याच वर्षीं त्यांनीं ती सुमारें दोन कोटि डॉलरांस काउंटीस विकली. हा न्याय खरा, पण ज्यांचा उद्योग बुडाला त्यांच्या हयातींत तो झाला नाहीं.

संध्याकाळीं सायकल परत केली तेव्हां दुकानदारानें तासांचा हिशेब करून भाडें घेतलें. वाटेचें भाडें मात्र कोणीं मागितलें नाहीं. तें दुसऱ्यांनीं आमच्या आधींच भरलें होतें.