जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल: इतिहास आणि वास्तुशिल्प

लॅटिन भाषेतील 'सेडेस' म्हणजे आसन. त्यावरून पोर्तुगीज भाषेत 'से' हा शब्द आला. ज्या मंदिरात धर्मप्रांताच्या महागुरुस्वामींचे आसन असते ते कॅथेड्रल. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल हे गोवा व दमण महाधर्मप्रांताचे असे मातृमंदिर आहे.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनच्या सणादिवशी, आफोन्सो द आल्बुकर्क याने गोवा जिंकले. त्यामुळे येथील पहिले मंदिर याच संतेला अर्पण करण्यात आले. सध्याच्या वास्तूचे काम राजा सेबास्तियांव यांच्या कारकिर्दीत १५६२ साली सुरू झाले. मुख्य बांधकाम १६१९ पर्यंत चालले, तर वेद्या १६५२ साली पूर्ण झाल्या.

हे मंदिर जांभ्या दगडात बांधलेले असून त्यावर चुन्याचा गिलावा आहे. लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी ५५ मीटर. बाह्यभाग तस्कन, तर अंतर्भाग कॉरिन्थियन शैलीचा आहे. मुख्य वेदीमागील सोनेरी मुलाम्याच्या कोरीव पटावर संत कॅथरीनच्या जीवनातील व हौतात्म्यातील प्रसंग आहेत. येथील १५३२ सालच्या स्नानकुंडात संत फ्रान्सिस झेवियर यांनी अनेकांना स्नानसंस्कार दिला, अशी परंपरा आहे.

दर्शनी भागाला पूर्वी दोन मनोरे होते. त्यांपैकी एक १७७६ साली कोसळला. तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात, मधुर नादामुळे 'सोन्याची घंटा' म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. इन्क्विझिशनच्या काळात शिक्षा जाहीर करण्याच्या प्रसंगीही ती वाजवली जाई, असे सांगतात. या स्मृतीकडे आपण पाठ फिरवू नये. सत्याच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या सदस्यांनी केलेल्या बळजबरीबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी देवाजवळ क्षमा मागितली होती.

मराठी भाविकांना आणखी एक नाते जपता येईल. या मंदिराच्या भिंती उभ्या राहत असतानाच, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठीतील 'क्रिस्तपुराण' गोव्यातील राशोल येथे छापले गेले. मंदिराचे मुख्य बांधकाम संपले त्याच १६१९ साली फादरांनी देह ठेवला. एकीकडे दगडाचे मंदिर, दुसरीकडे ओव्यांचे!

पुढे रोगराईने शहर ओस पडले. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. राजवाडे ढासळले, मंदिर मात्र उभे राहिले. १९८६ साली युनेस्कोने जुन्या गोव्यातील चर्च व मठांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे २०२४-२५ मधील दर्शनही येथेच झाले.

गोव्यास गेल्यावर हे मंदिर केवळ छायाचित्रापुरते पाहू नका. क्षणभर गुडघे टेका. एका मनोऱ्यानिशी उभी असलेली ही वास्तू आपल्या श्रद्धेची आणि आपल्या उणिवांचीही साक्ष देते.