आटते आरमार आणि मिटलेल्या गोद्या

आरमाराचा इतिहास लिहिताना लेखणी सहसा रणसंग्रामाकडे वळते; जहाजांची डागडुजी करणाऱ्या गोदीच्या वाट्याला एखादी ओळही क्वचितच येते. तथापि आरमाराचे बळ किती काळ टिकणार, याचा निकाल पुष्कळदा गोदीतच लागतो. अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९८७ साली त्या देशाच्या लढाऊ ताफ्यात ५९४ जहाजे होती. शीतयुद्ध संपले आणि २००० सालापर्यंत ही संख्या ३१८ वर आली. जहाजे जवळजवळ निम्मी, मग आठ सरकारी गोद्या हव्यात कशाला, असा प्रश्न साहजिकच उठला. १९९१ ते १९९५ या काळातील निर्णयांनुसार फिलाडेल्फिया, मेअर आयलंड, चार्ल्सटन व लाँग बीच या चार गोद्या १९९७ पर्यंत बंद झाल्या. १८५४ साली स्थापन झालेल्या मेअर आयलंडने सतरा अणुपाणबुड्या बांधल्या होत्या.

रिकाम्या गोद्या पोसणे शहाणपणाचे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परंतु जहाजे मोजली म्हणजे काम मोजले, असे होत नाही. ताफा घटला, तरी दूरच्या सागरांवर एका वेळी सुमारे शंभर जहाजे ठेवण्याचा शिरस्ता कायम राहिला. साहजिकच प्रत्येक जहाजाची झीज वाढली. शिवाय अणुपाणबुडी सेवेतून काढायची, तर तिचे इंधन उतरविण्याचे कामही गोदीलाच करावे लागते. म्हणजे ताफा आटत असतानाही गोदीवरील भार काही काळ वाढू शकतो.

परिणाम दिसावयास वेळ लागला. ‘बॉयसी’ ही पाणबुडी दुरुस्तीची वाट पाहत राहिली. २०१७ मध्ये तिला पाण्याखाली जाण्याची अनुमती उरली नाही आणि दुरुस्तीचा मोठा करार २०२४ मध्ये झाला. उरलेल्या चार गोद्यांच्या जीर्णोद्धारासाठी २०१८ साली वीस वर्षांची, सुमारे २१ अब्ज डॉलरांची योजना आखावी लागली. २०२३ मध्ये तर अमेरिकी आरमाराने आपल्या जहाजांच्या दुरुस्तीसाठी मुंबईच्या माझगाव गोदीशीही करार केला.

सुकी गोदी पैशाने पुन्हा बांधता येते. मात्र अणुभट्टीशेजारी निर्धास्तपणे काम करणारा कारागीर घडण्यास वर्षानुवर्षे लागतात, आणि तो जुन्या कारागिराच्या हाताखालीच घडतो. ही परंपरा एकदा तुटली की ती पुन्हा जोडणे कोणत्याही अंदाजपत्रकाच्या आवाक्यात राहत नाही. म्हणूनच काटकसर करणाऱ्याने जहाजांबरोबर हे हातही मोजावेत, हाच या इतिहासाचा बोध होय.