भौगोलिक माहिती प्रणाली : नकाशापलीकडचा नकाशा

एखादी गोष्ट कोठे आहे, ती तेथेच का आहे आणि त्यामुळे काय घडते, या तीन प्रश्नांपासून भौगोलिक शोधाचा आरंभ होतो. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी संगणकाच्या साहाय्याने उभारलेली व्यवस्था म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, अर्थात जीआयएस.

कागदी नकाशावर सारी माहिती एकाच पृष्ठावर छापलेली असते. या प्रणालीत ती निरनिराळ्या थरांत साठविली जाते. विहीर बिंदूने, नदी वा रस्ता रेषेने आणि शेत बंदिस्त आकृतीने दाखवितात. प्रत्येक आकृतीला अक्षांश-रेखांश असतात आणि तिच्यामागे माहितीचा तक्ता जोडलेला असतो. हे थर एकमेकांवर ठेवले की कोणत्याही एकट्या नकाशात न दिसणारे संबंध स्पष्ट होतात.

धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून १ जुलै १९९८ रोजी निर्माण झालेला नंदुरबार जिल्हा याचे उत्तम उदाहरण आहे. दक्षिणेस तापीकाठची सपाट काळी जमीन, तर उत्तरेस नर्मदेपर्यंत पसरलेल्या सातपुड्याच्या रांगा. धडगाव परिसरात नकाशावर शेजारी भासणाऱ्या दोन पाड्यांमध्ये खोल दरी असू शकते. म्हणूनच दवाखाना कोठे असावा हे ठरविताना सरळ रेषेतील अंतर फसवे ठरते. उंची, उतार आणि पायवाटा यांचे थर जोडल्यावरच खरे अंतर कळते.

या तंत्राचे महत्त्व आणि मर्यादा वनहक्कांच्या प्रश्नात विशेषत्वाने जाणवतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरच्या मर्यादेत हक्क मागता येतो. जीपीएस यंत्र हाती घेऊन शेताच्या कडेने फेरी मारली की सीमेचे बिंदू नोंदले जातात. ती आकृती त्या काळातील उपग्रहचित्रावर ठेवून तेथे शेती होती काय, हे पाहता येते.

परंतु चित्र किती बारकाईचे आहे, हा प्रश्न उरतोच. भारतीय उपग्रहांवरील लिस-३ या कॅमेऱ्याच्या चित्रातील एक चौकोन जमिनीवर २३.५ मीटर लांब-रुंद भागाचा असतो. म्हणजे एक एकराचे शेत जेमतेम सात चौकोनांत सामावते. २००५ मध्येच सोडलेल्या कार्टोसॅट-१ ची चित्रे २.५ मीटरपर्यंतचा तपशील दाखवीत. तरीही पडीक ठेवलेले किंवा मोहाची झाडे राखलेले उताराचे शेत वरून पाहता रानच भासू शकते.

नियमांनी हे ध्यानात घेतले आहे. उपग्रहचित्र ग्राह्य पुरावा आहे. पण घालून ठेवलेले बांध, घरे आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हेही पुरावेच आहेत. उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक असेल, त्यांची जागा घेणार नाही, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट करण्यात आले. दाव्यांची प्रक्रिया सुरू होते तीही ग्रामसभेत.

यातून भौगोलिक शोधाचे मूलसूत्र हाती येते. प्रणाली माहितीची मांडणी करते, निर्णय माणसाने घ्यायचा असतो. एखादे शेत उपग्रहचित्रात दिसले नाही, तर ते नव्हतेच असे मानण्यापूर्वी त्या बांधावर जाऊन उभे राहणे आवश्यक ठरते.