मोरसचं सोनं

इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी, असं आपल्याला शाळेत घोकायला लावलं. पाटलाला वंशावळ असते, कुलकर्ण्याला दप्तर असतं. आणि महाराला? गावकीच्या कागदावर नुसता 'महार'. माणूस मेला की दुसरा उभा राहायचा, शब्द तोच राहायचा.

आमचं घराणं वारज्याचं. हे गाव 1997 साली पुणे महापालिकेत गेलं, आता जिकडंतिकडं इमारती झाल्यात. माझ्या पणज्याचा बाप मात्र त्याच्या कितीतरी आधी गाव सोडून गेला. आजी एवढंच सांगायची, "त्यो मोरसला गेला, सोनं उचलाया. माघारी आलाच न्हाई."

मोरस म्हणजे मॉरिशस. जुनी माणसं पांढऱ्या साखरेला 'मोरस साखर' म्हणायची, ते नाव तिथूनच आलेलं. आजीचं सोनंही नुसत्या कल्पनेतलं नाही. दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं सांगून मजुरांना जहाजावर चढवलं, ही आठवण मॉरिशसमध्ये आजही सांगतात.

खरा हिशेब काय होता? 1835 साली तिथली गुलामी कायद्यानं संपली. उसाच्या मळेवाल्यांना हात पाहिजे होते. 1834 पासून हिंदुस्थानातून करारावरचे मजूर नेणं सुरू झालं. अत्याचाराचा बोभाटा झाला म्हणून 1839 साली बंदी आली. 1842 साली कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरं पुन्हा उघडली. पुढं सगळी मिळून साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. मुंबईहून गेलेल्यांत कुणबी होते, मराठे होते, आणि आपले महारही होते.

सुरुवातीच्या करारात पाच वर्षं बांधून घ्यायचे नि महिना पाच रुपये द्यायचे. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायचे. 1867 च्या कायद्यानं करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागे. पास नाही तर तुरुंग. पण ही माणसं गप्प बसली नाहीत. 1871 साली 9,401 जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडं अर्ज केला. त्यापायी 1872 साली इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. सोनं निघालं ते उसातून, आणि गेलं मळेवाल्यांच्या घरात.

मग आपला माणूस का गेला? समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं भट सांगायचे. ज्याला गावची विहीर शिवायची बंदी, त्याचा कुठला धर्म बुडणार? इथं वतनाच्या तुकड्यापायी रात्रंदिवस राबायचं, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची आणि दारोदार भाकर मागायची. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल मांडलं. हे वतन कायद्यानं मोडायला 1958 साल उजाडलं. 1948 साली घटना समितीत त्यांनी खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना झोडपून काढलं. माझा पूर्वज लिहिणारा-वाचणारा नव्हता. तरी खेड्याबद्दलचं आपलं मत त्यानं पायांनी नोंदवलं. वेठ सोडून तो दुसऱ्या वेठीत पडला, हे खरं. पण गावची वेठ पिढ्यान्‌पिढ्यांची होती, आणि कराराला निदान मुदत होती.

आता एक गंमत बघा. ज्या माणसाला गावानं नाव दिलं नाही, त्याला मळेवाल्यांच्या सरकारनं नंबर दिला, आणि नंबरापुढं त्याचं नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज सगळं लिहिलं. हे त्यांनी माणुसकीनं केलं नाही. पळाला तर धरता यावा म्हणून केलं. पण बेडीचीच नोंद आज आपल्या कामाची आहे. ही रजिस्टरं मॉरिशसला मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. मजूर उतरायचे तो पोर्ट लुईसचा धक्का 2006 साली जागतिक वारसा झाला.

दोस्तांनो, मोर्चाला जाता, सभेला जाता, तसं एकदा घरातल्या म्हातारीपाशी बसा. कोण कुठं गेला, कोण परतला नाही, त्याचा बाप कोण, गाव कोणतं, हे वहीत लिहून काढा. नाव कारकुनानं ऐकेल तसं लिहिलेलं असतं. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, बापाचं नाव आणि गाव धरून शोधा. आपली वंशावळ कुणी भाट येऊन गाणार नाही. ती आपल्यालाच लिहावी लागेल.

जय भीम!