रॅम्प झाला, पण जाणता माणूस?

झाशी म्हटले की मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाई आठवते आणि पाठोपाठ विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. एप्रिल 1858 मध्ये इंग्रज फौजेने शहर लुटले, तेव्हा तेथील ग्रंथालयाची कशी धूळधाण झाली हे गोडसे भटजींनी लिहून ठेवले आहे. ग्रंथ नष्ट झाले की ज्ञानाचे दार बंद होते, हे कोणालाही समजते. पण मजकूर शाबूत असूनही दार बंद राहू शकते, हे मला झाशीतच कळले.

शासकीय कामानिमित्त मी तेथील एका शिक्षणसंस्थेत गेलो होतो. इमारतीला रॅम्प होता. ग्रंथालयात मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर बसवलेला संगणकही होता. एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीची सूचना उघडली, तर यंत्र निरर्थक रोमन अक्षरे उच्चारू लागले. सूचना कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली होती. डोळ्यांना देवनागरी दिसते, परंतु युनिकोड नसल्यामुळे आत साठवलेली असतात ती रोमन लिपीची चिन्हे. अर्जाची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. लिपिक ओशाळून म्हणाला, "साहब, यह तो हमें किसी ने सिखाया ही नहीं।"

दोष त्याचा नव्हता. आपल्या धोरणाचा इतिहासच तसा आहे. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षकांसाठी मान्य पात्रता व नोंदणी आणली. 1995 चा अपंग व्यक्ती कायदा फेब्रुवारी 1996 मध्ये अमलात आला. त्यात रॅम्प होते, तेही शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून साहाय्य कक्ष, इमारतीतील सोयी आणि उपकरणे यांसाठी पैसा मिळाला. ग्रंथपाल, परीक्षा विभागाचा लिपिक, संकेतस्थळ सांभाळणारा तंत्रज्ञ मात्र दुर्लक्षितच राहिले.

2016 च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखल्या, माहिती व तंत्रज्ञानाची सुगम्यता कलम 42 मध्ये आणली आणि मनुष्यबळाच्या प्रशिक्षणासाठी कलम 47 दिले. राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असावेत असा निर्णय दिला. आता प्रश्न उरतो, हे निकष जाणणारा माणूस कोठे आहे?

2014 मध्ये स्थापन झालेली सुगम्यता व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. ते टिकवण्यासाठी सतत शिकत राहावे लागते. शुल्काचे दर डॉलरमध्ये असतात. ते लिपिकाने आपल्या पगारातून भरावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. विद्यापीठाने शुल्क आणि अभ्यासरजा द्यावी. त्या बदल्यात कर्मचाऱ्याने काही वर्षे तेथेच सेवा करावी आणि सहकाऱ्यांना शिकवावे. यावर लेखापरीक्षक विचारतील, व्यक्तीच्या पात्रतेवर सार्वजनिक पैसा का? उत्तर सोपे आहे. पात्रता व्यक्तीची असली, तरी कायद्याची जबाबदारी संस्थेची आहे.

परप्रांतांतील आणि परदेशांतील विद्यापीठांत काम करणाऱ्या माझ्या वाचकांनी आपल्या संस्थेचे अंदाजपत्रक एकदा या दृष्टीने पाहावे. त्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडली ती जिन्यापाशी नव्हे, तर एका फॉन्टपाशी. आणि तो फॉन्ट बदलणे शिकलेल्या माणसाला काही मिनिटांचे काम होते.