कुष्ठरोग
‘मायकोबॅक्टेरियम लेप्री’ या जिवाणूमुळे होणारा, त्वचा व परिघीय मज्जातंतूंना ग्रासणारा दीर्घकालीन संसर्ग; महारोग. नॉर्वेचे हॅन्सन यांनी 1873 मध्ये हा जिवाणू शोधला. जिवाणू अतिशय मंद वाढत असल्याने लक्षणे दिसायला अनेक वर्षे लागू शकतात.

ओळख : त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा. रुग्णाला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पेनाचे टोक हलकेच टेकवतात. स्पर्श झाला ती जागा त्याला बोटाने दाखवता आली नाही, तर संशय बळावतो. कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागते. दुर्लक्ष झाल्यास बोटे वाकतात, तळपायाला जखमा होतात.

उपचार : रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफॅझिमीन यांची बहुविध औषधोपचार पद्धती, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने. सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. उपचार सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो.

येरवडा : 1932 च्या सुमारास येरवडा तुरुंगात गांधीजींबरोबर संस्कृत पंडित परचुरे शास्त्रीही बंदी होते; कुष्ठरोगामुळे त्यांना वेगळे ठेवले होते. पुढे सेवाग्रामला गांधीजींनी त्यांना कुटी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केले.