छावणी, स्तंभ आणि जंक्शन : शिरूर-दौंडच्या माजी सैनिकांच्या भेटीगाठी

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शेजारी तालुके. मधून भीमा वाहते आणि बऱ्याच अंतरापर्यंत तीच दोघांची हद्द आहे. कालवे येण्यापूर्वी हा मुलूख कमी पावसाचा आणि जिरायती शेतीचा होता. घरातला एक मुलगा शेतावर आणि एक पलटणीत ही वाटणी इथल्या अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. त्यामुळे नोकरी संपवून गावी परतलेला सैनिक इथे नवलाचा नाही. परतलेले हे सैनिक एकमेकांना कुठे आणि कोणत्या निमित्ताने भेटत आले, याचा इतिहास मात्र सलगपणे फारसा मांडला गेलेला नाही. तो छावणी, स्तंभ, पेन्शन आणि रेल्वे यांच्या इतिहासात विखुरला आहे.

मराठेशाहीत लष्करी नोकरीला ऋतूंची लय होती. दसऱ्याला शिलंगण करून फौजा मुलूखगिरीला निघत आणि पावसाळ्यापूर्वी माघारी येत. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई, बारगिराला घोडा सरकारातून मिळे. चार महिने गावात आणि आठ महिने मोहिमेवर अशा जगण्यात ‘माजी सैनिक’ हा वेगळा वर्गच नव्हता. हात चालत होते तोवर माणूस दसऱ्याला हजर होई. जुन्या सोबत्यांची भेट त्याच हजेरीत होत असे, तिच्यासाठी वेगळा दिवस राखावा लागत नसे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, मोहिमा थांबल्या आणि ही लय तुटली. हजारो स्वार एकाच वेळी बेरोजगार होऊन गावोगाव परतले.

त्याआधीच शिरूरला इंग्रजांची छावणी पडली होती. घोड नदीच्या काठचे हे गाव पुणे-नगर वाटेवर मोक्याच्या जागी होते. परिसरातली जुनी माणसे शिरूरला आजही ‘घोडनदी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून इथे कंपनीच्या फौजा राहू लागल्या. पुढे पूना ऑक्झिलिअरी हॉर्स या घोडदळाचा शिरूरशी दीर्घ संबंध आला. १८१७ च्या जूनमध्ये पेशव्यांशी झालेल्या पुणे तहानंतर उभे राहिलेले हे दल म्हणजे आजच्या भारतीय सैन्यातल्या पूना हॉर्स रेजिमेंटचे एक मूळ. १९६५ च्या युद्धात धारातीर्थी पडलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ च्या युद्धातले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे दोघे परमवीरचक्र विजेते याच रेजिमेंटचे.

छावणीच्या काळातली एक प्रथा ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. कर्नल विल्यम वॉलेस हा अधिकारी १८०९ मध्ये शिरूरला वारला आणि तिथेच त्याला पुरले. शिपाई आणि आसपासचे गावकरी या थडग्याला ‘सत्पुरुषाचे’ स्थान मानू लागले. सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य तिथे दाखवला जाई. एका परक्या अधिकाऱ्याची कबर शिपायांच्या आणि शेतकऱ्यांच्या देवधर्मात सामावली गेली, हे लष्करी आठवण जपण्याचे या भागातले एक जुने नोंदलेले उदाहरण म्हणता येईल. त्या आठवणीला पूजेचे रूप मिळाले, कारण सोबत्याला स्मरण्याची तीच रीत त्या माणसांच्या हाताशी होती.

शिरूरच्या छावणीतूनच कोरेगावची वाट सुरू होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन याच्या हुकुमाखाली बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पूना हॉर्सचे स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा शिरूरहून पुण्याकडे निघाल्या. रात्रभर चालून सकाळी ते भीमाकाठच्या कोरेगावात पोहोचले. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची फौज समोर होती. १ जानेवारी १८१८ चा संपूर्ण दिवस गावाच्या गल्ल्यांतून लढाई झाली. कंपनीच्या आठशेहून थोड्या अधिक माणसांपैकी २७५ ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यात येते. स्मारकाचा स्तंभ मात्र नदीपलीकडे, हवेली तालुक्यातल्या पेरण्याच्या हद्दीत आहे. त्याची पायाभरणी २६ मार्च १८२१ ला झाली. त्यावर इंग्रजी आणि मराठीत मजकूर कोरलेला आहे आणि पडलेल्या शिपायांची नावेही आहेत. त्यांतली ‘नाक’ या प्रत्ययाची बावीस नावे महार शिपायांची आहेत. त्यांच्याबरोबर मराठा, राजपूत, मुसलमान आणि बेने इस्रायली शिपायांचीही नावे आहेत.

माजी सैनिकांच्या इतिहासात या स्तंभाला दोन कारणांनी स्थान आहे. पहिले कारण त्याची राखण. याच लढाईत जखमी झालेले जमादार खंडोजी बिन गजोजी माळवदकर यांना १८२४ मध्ये स्तंभाच्या देखरेखीवर नेमले गेले आणि त्यासाठी जमीन दिली गेली. पडलेल्या सोबत्यांच्या नावांवर जखमी होऊन वाचलेल्याने पहारा द्यावा, ही या भागातल्या माजी सैनिकाला मिळालेली एक जुनी नोंदलेली जबाबदारी. दुसरे कारण पदकाचे. १८०३ ते १८२६ दरम्यानच्या हिंदुस्थानातल्या लढायांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक काढले गेले ते १८५१ मध्ये, आणि कोरेगावसाठी त्यावर वेगळी पट्टी होती. लढाईला तोवर तेहेतीस वर्षे झाली होती. पदक मिळाले ते तेव्हा हयात असलेल्यांना. वीस-बाविसाव्या वर्षी लढलेला शिपाई ते हातात पडेपर्यंत पंचावन्नच्या घरात पोहोचला होता. पुष्कळ सोबती त्याआधीच गेले होते.

पेन्शन मिळू लागल्यावर सैनिकाचे म्हातारपण एका ठिकाणाशी बांधले गेले. पेन्शनरांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांत सर्वांत गाजली ती कोकणातली दापोली, जिला लोक ‘कॅम्प दापोली’ म्हणत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. हवालदार गोपाळबाबा वलंगकरही दापोलीचेच पेन्शनर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा वलंगकरांनी १८९४ मध्ये ती पुन्हा सुरू करावी असा अर्ज सरकारला देण्यासाठी तयार केला. पेन्शनरांच्या ओळखी, त्यांची पलटणीत मिळालेली साक्षरता आणि गावोगावच्या नोकरी केलेल्या घरांची माहिती ही त्या अर्जामागची शिदोरी होती. निवृत्त सैनिकांचा परस्परसंबंध नुसत्या आठवणींपुरता राहिला नाही, त्याने हक्काची मागणी उभी केली.

पुण्यात ते काम शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे नेले. ते स्वतः सैनिक नव्हते. पण लष्करी नोकरीची परंपरा असलेल्या कुटुंबांचा मोठा आधार त्यांच्या चळवळीला होता. भरतीसाठी त्यांनी केलेल्या अर्जांत महार सैनिकांच्या जुन्या कामगिरीचे दाखले होते. कोरेगावच्या स्तंभापाशी सभा भरवण्याचा प्रघातही त्यांच्यापासून रुजला. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे आले आणि तेव्हापासून त्या दिवसाला महार शिपायांच्या पराक्रमाच्या स्मरणाचा आजचा अर्थ आला. पहिल्या महायुद्धात उभी केलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली होती. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो बदलला आणि त्या जागी कट्यार आली. दर १ जानेवारीला महार रेजिमेंटचे निवृत्त जवान स्तंभापाशी रांगेत उभे राहून मानवंदना देतात. २०१८ मध्ये, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, परिसरात हिंसाचार झाला आणि त्यानंतर बंदोबस्त फार वाढला. तरीही जवानांची मानवंदना चालू राहिली. लाखोंच्या गर्दीत ही म्हातारी माणसे छातीवर पदके लावून शिस्तीत चालतात तेव्हा लोक आपोआप वाट करून देतात.

शिरूरची छावणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरली आणि गाव बाजारपेठेचे झाले. लष्करी वर्दळ आता दौंडकडे सरकली, कारण तिथे रेल्वे आली. पुण्याहून दौंडमार्गे दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. दौंड-मनमाड फाटा १८७८ चा. या फाट्यामुळे दक्षिणेकडचे सैनिक दौंडला गाडी बदलून उत्तरेकडे जाऊ लागले. नगर हे रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र याच फाट्यावर आहे. महार रेजिमेंटच्या केंद्राकडे, मध्य प्रदेशातल्या सागरला जाणारी वाटही दौंड-मनमाडवरूनच निघते. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस ही या भागातल्या फौजी घरांची गाडी. पुण्याकडून येऊन मनमाडकडे वळणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे आणि तेवढा वेळ गाडी थांबे. सुटी संपवून निघालेला जवान, त्याला पोहोचवायला आलेले घरचे आणि त्याच फलाटावर आपल्या मुलाला निरोप द्यायला आलेला एखादा पेन्शनर यांची तिथे गाठ पडे. शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. तिथल्या जवानाला एसटीने पुणे, नगर किंवा दौंड गाठावे लागे. दोन तालुक्यांतल्या माजी सैनिकांची ओळख जुळली त्यात या फलाटाचा वाटा मोठा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातल्या अनेक गावांत लहान संगमरवरी पाट्या बसवल्या गेल्या. गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढेच त्यांवर असते. आकडा असतो, नावे नसतात. कोरेगावच्या स्तंभाने नावे कोरली होती. शंभर वर्षांनी सरकारला संख्या पुरेशी वाटली. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, परतलेल्या सैनिकांच्या कल्याणासाठी केंद्रीय पातळीवर इंडियन सोल्जर्स बोर्ड आणि त्याखाली जिल्हा मंडळे स्थापन झाली. १९७५ मध्ये त्या केंद्रीय मंडळाचे नाव केंद्रीय सैनिक बोर्ड झाले. महाराष्ट्रात त्याच व्यवस्थेतून आजचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आले. माजी सैनिकाचे ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्त्या, विधवांची मदत यांची कामे तिथे होतात. सरकारी खुर्च्यांवर वाट बघत बसलेले दोघे ‘कोणती पलटण?’ असे विचारतात आणि पुढचा तास कसा जातो ते त्यांना कळत नाही.

सैनिकाचे निवृत्त आयुष्य फार लांब असते. शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. म्हणजे आजी सैनिक म्हणून जेवढी वर्षे गेली, त्याच्या दुप्पट-अडीचपट वर्षे माजी सैनिक म्हणून जायची असतात. नोकरीत असताना त्याचा पत्ता एका ओळीत मावत असे : नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ (लष्करी टपाल). युनिट कुठेही हलले तरी पत्र पोहोचे. निवृत्त होताच हा पत्ता संपतो. मग खिशातल्या डायरीवर भिस्त राहते. तिच्यात सोबत्याचे गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो आणि तो सोबती बहुधा कोल्हापूर, सातारा किंवा थेट गढवालचा असतो. पोस्टकार्ड दिवाळीला आणि लग्नपत्रिका वैशाखात, एवढ्यावर कित्येक मैत्र्या वीस-वीस वर्षे टिकल्या. मोबाइल आल्यावर एकाच वेळी भरती झालेल्यांचे गट जमू लागले आणि अनेकांना आपल्या तुकडीतला माणूस भीमेच्या पलीकडच्याच गावात राहतो हे तेव्हा कळले.

रेजिमेंटची स्वतःची संमेलने वेगळी. मराठा लाइट इन्फन्ट्री ४ फेब्रुवारी हा सिंहगड सर झाल्याचा दिवस ‘मराठा दिन’ म्हणून पाळते. तिचे केंद्र बेळगावात आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सनी २०२० मध्ये स्थापनेची दोनशे वर्षे साजरी केली. अशा वेळी जुन्या जवानांना निमंत्रण जाते, स्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते, सैनिक संमेलन होते आणि रात्री बडाखाना, म्हणजे सामूहिक भोजन, असते. वीरनारींचा, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नींचा, सन्मान हा त्यातला सर्वांत जड क्षण. केंद्र लांब, गुडघे दुखणारे, शेतीची कामे पडलेली, त्यामुळे सगळ्यांना जाणे जमत नाही. म्हणून तालुक्याच्या पातळीवर आजी-माजी सैनिकांच्या संघटना उभ्या राहिल्या. २६ जुलैचा कारगिल विजय दिन आणि १६ डिसेंबरचा विजय दिवस हे त्यांचे मेळाव्याचे ठरलेले दिवस. १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच तारखेला निवृत्त झाले म्हणून पाळला जातो. तो बहुतेक वर्षी संक्रांतीलाच येतो, त्यामुळे इथल्या मेळाव्यात तिळगूळ वाटला जातो.

रोजच्या भेटी मात्र कामाच्या निमित्ताने होतात. कॅन्टीनमधले महिन्याचे सामान, २००३ मध्ये सुरू झालेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातली रांग आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला ही ती कामे. ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ या मागणीवर २०१५ मध्ये देशभर आंदोलन झाले, तेव्हा अशा रांगांतल्या ओळखींनीच ठिकठिकाणच्या संघटनांना बळ दिले. दाखला हाताने द्यायचा होता तोवर बँकेच्या दारात गावोगावचे पेन्शनर एकत्र येत आणि कोण आले नाही हे लगेच लक्षात येई. आता तो घरबसल्या यंत्रावर अंगठा ठेवून देता येतो. थकलेल्या माणसाची ही मोठी सोय आहे, पण त्यामुळे वर्षातून एकदा हमखास होणारी एक भेट गेली.

१९७१ च्या युद्धात वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, आणि १९६२ आणि १९६५ चे जवान ऐंशी ओलांडून गेले आहेत. शिरूर आणि दौंडच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातल्या या जवानांची नंबर, हुद्दा, पलटण आणि लढलेल्या आघाडीसह यादी करावी, आणि ती करताना तालुक्याच्या संघटनांतल्या जुन्या माणसांना शेजारी बसवावे. हे काम ते हयात असतानाच व्हायला हवे.